टिटवीनं अंडी वर नेली

बोरीचे पोस्टमास्तर सितारामराव खिल्लारे पाखरांच्या नादाला लागले, त्यात पाखरांचा काही दोष नव्हता. दोष होता परभणीच्या उन्हाचा. चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलात ते मीटिंगसाठी परभणीला गेले होते. मीटिंग साडेअकरालाच आटोपली आणि बोरीची एस.टी. होती चार वाजता. मधले साडेचार तास त्या उन्हात काढायचे म्हणजे काय, ते ज्यानं काढलेत त्यालाच विचारावं. वाचनालयाच्या हॉलमध्ये पंखा फिरताना दिसला म्हणून हा भला माणूस आत शिरला आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. बसल्याबरोबर कुणीतरी हातात लिंबाच्या सरबताचा ग्लास दिला. तो संपेस्तोवर एवढं कळलं की ही पक्षीसंरक्षक मंडळाची सभा आहे. दुसरा ग्लास आला तेव्हा त्याच्यासोबत सभासद होण्याचा फॉर्मही आला. आता दोन ग्लास सरबत पिऊन नाही म्हणायला माणूस निगरगट्ट लागतो, आणि सितारामराव तसे नव्हते.

मंडळाचे अध्यक्ष बन्सीधरराव म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पाखरांवर त्यांचा जीव होता, पण ओळख बहुतेक चित्रांतलीच होती. त्यांनी योजना काढली होती, 'एक सभासद, एक घरटं'. प्रत्येकानं आपापल्या गावात एक घरटं शोधायचं, पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्याची राखण करायची आणि तीन प्रतींत अहवाल धाडायचा. पहिला नियम त्यांनी फळ्यावर लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. 'अंड्याला हात लावणारा सभासद तत्काळ बाद.' सितारामरावांनी मान डोलावली. अंड्याला हात लावायची पाळी आपल्यावर कशाला येईल, असं त्यांना वाटलं. माणसाला काहीही वाटतं.

गावी आल्यावर कळलं की घरटं शोधणं हे तार करण्याइतकं सोपं काम नाही. पोस्टातल्या घड्याळामागं चिमणीचं घरटं होतं, ते त्यांनी उत्साहानं कळवलं. उलट टपाली उत्तर आलं, 'चिमणी आपले आपण बघून घेते. तिला सभासदाची गरज नाही.' मंडळाचं पत्र आलं की सितारामराव पोस्टमास्तर म्हणून त्यावर शिक्का मारत आणि खिल्लारे म्हणून ते वाचत. पत्रात बोलणी असली की ती दोघांनाही लागत.

शेजारी नागनाथ गुरुजी राहायचे, शाळेत मास्तर होते. ज्यातलं गुरुजींना काही कळत नाही असा विषय त्या गावात अजून निघायचा होता. ते म्हणाले, "कावळ्याचं घ्या, खिल्लारे. कावळा गरीब असतो." सितारामराव शाळेमागच्या लिंबावर निम्म्यापर्यंत चढले आणि कावळ्याच्या गरिबीचा अनुभव घेऊन उतरले. कावळ्याला माणसाचा चेहरा लक्षात राहतो हे गुरुजींनी नंतर सांगितलं. पुढचे आठ दिवस तो कावळा पोस्टाच्या दारावर बसून होता. सितारामराव बाहेर पडले की डोक्यावर एक टोला. गावातले लोक पोस्टकार्ड घ्यायला येण्याऐवजी ते बघायला येऊ लागले.

शेवटी घरटं सापडलं ते तळ्यात. गावचं तळं त्या मे महिन्यात ठणठणीत कोरडं पडलं होतं. सितारामराव आडवाटेनं तळ्यातून घरी निघाले (कावळ्यामुळं सरळ वाट बंद होती) आणि एक टिटवी ओरडत अंगावर आली. खाली बघतात तर खड्यांच्या मधोमध चार अंडी. ना काडी, ना कापूस, ना आडोसा. आणखी दोन पावलं पुढे पडली असती तर मंडळाची योजना बोरीपुरती तिथंच संपली असती. त्यांना इतका आनंद झाला की टिटवीनं दुसऱ्यांदा झेप घेतली तेव्हा त्यांनी तिला नमस्कार केला.

फॉर्ममध्ये रकाने होते. 'झाडाचे नाव', 'जमिनीपासून उंची', 'घरट्याचे साहित्य'. सितारामरावांनी खरं ते लिहिलं. झाड नाही, उंची शून्य, साहित्य खडे. फॉर्म परत आला. 'झाडाशिवाय घरटे कसे, याचा खुलासा करावा. कोणताही रकाना नाही म्हणून सोडू नये.' त्यांनी दोन पानी खुलासा धाडला, तोही परत आला. मग त्यांनी झाडाच्या रकान्यात 'बाभूळ, दोनशे फुटांवर' असं लिहून टाकलं आणि फॉर्म मंजूर झाला. सरकारी नोकरीत बारा वर्षं उगीच गेली नव्हती.

तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत पोस्टमास्तर कोरड्या तळ्यात छत्री धरून उभे दिसू लागले. जवळ गेलं की टिटवी डोकं फोडायला येते आणि लांब गेलं की मंडळाचा नियम मोडतो, म्हणून मधे कुठंतरी.

"घरात प्यायचं पानी आनायला तुमाला सवड न्हाई," त्यांच्या मंडळी मालनबाई म्हणाल्या, "आन् टिटवीवर छत्री धरायला हाय."

"अगं, राजपुत्र सिद्धार्थानं जखमी हंसासाठी भावाशी भांडण घेतलं होतं. विहारात तूच ऐकतेस ना?"

"ऐकते की. त्यांच्या घरी पानी भरायला शंभर दासी हुत्या."

सितारामरावांनी घागर उचलली.

आता येडबाबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच उभं आहे. येडबा सत्तरीचा मेंढपाळ. दर साली मृगाच्या आधी टिटवीनं अंडी कुठं घातली ते तो बघून यायचा. उंचावर घातली तर पाऊस लय, खोलगटात घातली तर बेताचा. बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली होती आणि पावसाच्या बाबतीत बोरीचा कुणावर विश्वास उरला नव्हता, एका येडबाशिवाय. रेडिओवरचा अंदाज लोक ऐकत आणि मग येडबाला विचारून तो बरोबर आहे का ते ठरवत. येडबा तळ्यात आला, छत्रीखालच्या पोस्टमास्तरांना 'जय भीम' घातला, अंडी बघितली आणि पारावर जाऊन सांगितलं, "तळ्याच्या पोटात घातलीत. औंदा पानी बेताचंच." लोकांनी उसासा टाकला आणि आपापल्या कामाला लागले. गोष्ट इथंच संपायची.

पण तळ्यातला गाळ काढायचं काम मंजूर झालं. ओव्हरसीयर आले आणि त्यांनी चुन्यानं रेघ आखली. रेघेच्या ऐन मधोमध टिटवी बसलेली. सोमवारी खोदाईला सुरुवात. सितारामराव रीतसर अर्ज घेऊन गेले, चार फूट जागा सोडावी म्हणून.

ओव्हरसीयरनं अर्ज दोनदा वाचला. "चार फूट सोडायचे म्हणजे नकाशात बेट दाखवावं लागेल. बेट दाखवायचं तर वरून मंजुरी पाहिजे. मंजुरीला अडीच महिने."

"पण अंडी दहा-बारा दिवसांत फुटतील."

"मग अडीच महिन्यांनी मंजुरी घेऊन तुम्ही काय करणार?" ओव्हरसीयरनं अर्ज परत दिला.

गावचे दत्तराव पाटील तिथंच खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, तव्यावर टाका की राव. तुमचा बी तरास वाचंल आन् टिटवीचा बी."

सितारामराव हसले नाहीत. चार अंडी म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा एक काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं, सरबताचा भाग सोडला तर. पंधरा दिवस उन्हात उभं राहून त्या शिवीगाळ करणाऱ्या पाखराबद्दल त्यांना माया वाटू लागली होती. अंडी हलवायची तर पहिला नियम आड येत होता. मग नागनाथ गुरुजींच्या ओट्यावर बसल्या बसल्या त्यांना सुचलं की नियमात 'हात' लिहिलाय, 'पळी' लिहिलेली नाही.

गुरुवारी तांबडं फुटायच्या सुमाराला सितारामराव मालनबाईंची पिठाची चाळणी आणि आमटीची पळी घेऊन तळ्यात उतरले. चाळणीत कापूस घातला होता. टिटवीनं टाळूवर नखं मारली, कानाशी येऊन शंख केला, पण पठ्ठ्यानं एक-एक अंडं पळीनं उचलून चाळणीत घातलं आणि तीस पावलांवर बांधाच्या पायथ्याशी तशीच खड्यांची जागा करून ठेवलं. एकदम लांब नेली तर टिटवी अंडी टाकून देते, एवढं त्यांनी मंडळाच्या पत्रकात वाचलं होतं. म्हणून थोडं थोडं. ते बाभळीआड जाऊन बसले. टिटवी जुन्या जागी गेली, इकडं तिकडं बघत राहिली, ओरडली. पाच मिनिटं गेली. मग तुरुतुरु चालत आली, पाय वाकवले आणि अंड्यांवर बसली. सितारामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन त्यांनी कुणी न सांगता दोन घागरी पाणी भरलं.

शुक्रवारी अंडी बांधाच्या उतारावर, शनिवारी आणखी वर, आणि रविवारी बांधाच्या माथ्यावर. सोमवारी खोदाई सुरू झाली तेव्हा टिटवी वर बसून खालच्या मजुरांना शिव्या देत होती आणि पोस्टमास्तर शिक्के मारता मारता स्वतःशीच गुणगुणत होते.

पण गुरुवारी येडबा पायथ्यावरून गेला होता. "हितं कशी?" म्हणून थांबला. शुक्रवारी मुद्दाम आला, तर अंडी उतारावर. शनिवारी आणखी वर. रविवारी माथ्यावर. येडबा घोंगडं टाकून खालीच बसला. सत्तर वर्षांत त्यानं असलं काही बघितलं नव्हतं. तो तडक पारावर आला आणि बोलला, "टिटवी अंडी उचलायली. रोज वर चडवायली. पानी यायलंय रे बाबांनो. कुठवर यायलंय ते तिला दिसायलंय!"

दुपारपर्यंत सारी बोरी बांधावर होती. सोमवारी जिंतूरची माणसं आली, मंगळवारी पार पोखर्णीहून बैलगाडी आली. बांधाच्या माथ्यापर्यंत पाणी म्हणजे निम्मं गाव पाण्यात. ओढ्याकाठची गल्ली तर बोलायलाच नको. मालनबाईंनी भांडी माळ्यावर चढवायला घेतली.

"माझी चाळनी कुठंय? आन् पळी?"

"पुरात गेली असेल," सितारामराव घाबरून बोलून गेले.

"अवो, पूर आजून यायचाय!"

नागनाथ गुरुजींनी लगेच जबाबदारी उचलली. गावात पोहायला पाणी नव्हतं, तेव्हा त्यांनी मुलांना बाकांवर पालथं झोपवून हातपाय मारायला शिकवलं. ज्यांनी चांगले मारले त्यांना 'पट्टीचा पोहणारा' म्हणून शेरा दिला. दत्तराव पाटलांनी ट्रॅक्टर माळावर नेऊन लावला. वर 'आपला असल्या गोष्टींवर विश्वास न्हाई' असंही सांगितलं.

सर्वांत वाईट हाल पोस्टात चालले होते. गावाला पाहुण्यांना कळवायची घाई झाली, आणि लिहिता येतं कुणाला? सगळे मास्तरांपुढं बसायचे. स्वतःच उठवलेल्या पुराची बातमी सितारामरावांना स्वतःच्या वळणदार अक्षरात सकाळ-संध्याकाळ लिहावी लागत होती. सरजाबाईंचा मुलगा मुंजाजी पूर्णेला रेल्वेत होता.

"लिवा मास्तर, पूर येनार हाय, सुट्टी घिऊ नको, लेकरं तिकडंच ठिव."

सितारामरावांनी लिहिलं, 'पूर येण्याची शक्यता आहे.' आणि वाचून दाखवलं.

"शक्यता कशाला? येनारच म्हनून लिवा! तुमी बगितली न्हाई का अंडी?"

"बघितली," सितारामराव म्हणाले. त्यांनी शक्यता खोडली.

त्या आठवड्यात बोरीतून जेवढी कार्डं गेली तेवढी दोन दिवाळ्यांत मिळून गेली नसतील. वरच्या ऑफिसातून पत्र आलं, 'कार्डविक्रीतील लक्षणीय वाढीबद्दल आपले अभिनंदन. आपण योजलेले उपाय कळवावेत, म्हणजे इतर कार्यालयांनाही लागू करता येतील.' बारा वर्षांत पहिलं अभिनंदन, आणि ते भिंतीवर लावायचीही चोरी!

तोपर्यंत सितारामराव स्वतःला समजावत होते. पिल्लं निघेपर्यंत कळ काढू. लोक दोन-चार दिवस घाबरतील, मग विसरतील. कुणाचं काय बिघडतंय? कुणाचं काय बिघडतंय ते गुरुवारी दिसलं. पोस्टमन आजारी होता म्हणून ते स्वतः टपाल घेऊन ओढ्याकाठच्या गल्लीत गेले. तिथले लोक दारं, कवाडं, पत्रे काढून माळावर न्यायला लागले होते. शेवटी भिवराबाईचं घर. ही भिवराबाई म्हणजे एकटी विधवा बाई, आठ शेरडं हाच तिचा संसार. तिच्या घरावर एकही पत्रा नव्हता. आठच्या आठ पत्रे अंगणात पडलेले, आत शेरडं बांधलेली, वर सरळ आभाळ, आणि बाई भिंतीवर बसून खिळे उपटत होती.

"मास्तर, ती पक्कड तेवढी द्या वर," ती म्हणाली.

सितारामरावांनी पक्कड दिली आणि परतले. मृग तीन दिवसांवर. पहिल्या वळवाच्या सरीनं त्या बाईचं घर बसायचं, शेरडं भिजून मरायची, आणि का? तर पोस्टमास्तरांना एका पाखराची माया आली म्हणून. त्यांना स्वतःची लाज वाटली. घरी ताटावर बसले, पण भाकरी गोड लागेना. अंडी फुटायला अजून दोन दिवस होते की चार, कुणास ठाऊक. खरं सांगावं तर लोक चिडून अंडी फेकून देणार, मंडळ काढून टाकणार, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. न सांगावं तर भिवराबाईच्या डोक्यावर आभाळ. असा हिशेब मांडला की तो एकाच बाजूला झुकत होता, आणि ती बाजू सितारामरावांच्या सोयीची नव्हती.

"काय झालंय?" मालनबाईंनी विचारलं.

"तुझी चाळणी माझ्याकडं आहे," ते म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. मालनबाईंनी चाळणी मागून घेतली, तिला चिकटलेला कापूस बघितला. मग म्हणाल्या, "सांगा जाऊन. मी हाय संगं." पळीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, हे विशेष.

शनिवारी सगळं गाव बांधावर नारळ फोडायला जमणार होतं, तेव्हाच सांगायचं ठरलं. त्या सकाळी सितारामराव बांधाकडं निघाले, तेवढ्यात एस.टी.तून बन्सीधरराव उतरले. तपासणीला. गळ्यात दुर्बीण, बगलेत चित्रांची वही. बांधावर पाच-सहाशे माणसं बघून त्यांना भरून आलं.

"खिल्लारे! एका घरट्यासाठी एवढा जनसमुदाय? परभणीत सरबत देऊनही तीस माणसं जमत नाहीत!" आणि सितारामराव नको नको म्हणत असताना त्यांनी भाषणाला सुरुवात केली. या गावाला लाभलेला थोर पक्षीमित्र, वगैरे. नारळासोबतचा हारही त्यांनी सितारामरावांच्या गळ्यात घातला.

हार घालूनच सितारामराव बोलायला उभे राहिले. "मंडळी, पूरबीर काही नाही. अंडी टिटवीनं वर नेली नाहीत. मी नेली. चाळणीत घालून. तिथं खोदाई होणार होती म्हणून. माझं चुकलं. तुमचे पत्रे परत घरांवर चढवा."

मग सगळा बांध हसायला लागला.

"मास्तर," दत्तराव पाटील म्हणाले, "टिटवी माझ्या बैलाला अंड्याजवळ येऊ देत न्हाई. तुमाला देती का?"

सितारामरावांनी मान खाली घालून टाळूवरचे ओरखडे दाखवले.

"त्यो कावळा हाय की!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा. खरं बोलायला आलेल्या माणसाला खोटं ठरवायला पुरावा लागत नाही, हसायला लागलं की झालं. तेवढ्यात मालनबाई पुढे आल्या आणि पदराखालची चाळणी वर धरली. "चाळनी माझी हाय! कापूस बगा आजून चिकटलाय! घरवाला माझा खुळा असंल, पन लबाड न्हाई!"

आता मात्र लोक येडबाकडं बघायला लागले. येडबानं चाळणी हातात घेतली, उन्हाकडं धरून बघितली.

"मास्तर खोटं बोलत न्हाईत," तो म्हणाला. सितारामरावांच्या जिवात जीव आला. "पन मास्तर, मला एक सांगा. तुमच्या पोष्टात पत्र लिवतंय कोन आन् पोचवतंय कोन? तुमाला अंडी उचलायची बुद्दी झाली, ती काय उगंच? आमच्या बापजाद्यांत कुनाला झाली न्हाई! पत्र टिटवीचं. तुमी निस्तं पोचवलं."

"बराब्बर!" सगळा बांध म्हणाला. जे दोन-चार जण पुराबद्दल मनात शंका धरून होते तेही आता घरचे पत्रे काढायला निघाले.

"बाद!" हे बन्सीधरराव. "पहिला नियम! अंड्याला हात!"

"हात नाही साहेब, पळी!"

"पळी कुणाच्या हातात होती?"

गळ्यात हार, हातात काही नाही, गाव ऐकत नाही, मंडळात जागा नाही. सितारामराव त्या बांधावर उभे राहिले, आणि आपण नक्की कोणासाठी एवढं केलं हे त्यांना आठवेना. म्हणून सवयीनं त्यांनी अंड्यांकडं बघितलं. अंडी नव्हती. नुसती टरफलं होती.

"पिल्लं!" ते ओरडले. "पिल्लं कुठायत?"

पिल्लं सकाळीच निघाली असणार. एवढ्या गर्दीत कुणी बघितलंच नव्हतं. खालून, खोदाई न झालेल्या कोपऱ्यातून, टिटवी बोलवत होती. आणि काडीसारख्या पायांचे चार मातकट गोळे उतारावरून घरंगळत, धडपडत, पुन्हा उठत तिच्याकडं पळत होते. जो चढ चढवायला पोस्टमास्तरांना चार दिवस लागले होते, तो उतरायला त्यांना पाच मिनिटं पुरली. थेट तळ्याच्या पोटात.

सहाशे माणसं येडबाकडं बघत होती. येडबानं चंची काढली, तंबाखू मळली, चिमूट दाढेत ठेवली.

"पूर उतरला," तो म्हणाला.

"यायच्या आदीच?" पाटलांनी विचारलं.

"टिटवीनं माघारी नेला. तिचा पूर, ती काय बी करंल. चला, मृग आला, पेरनीचं बगा."

झालं! आठ दिवस सितारामराव जे करू शकले नाहीत ते दोन शब्दांत झालं. लोक दारं-कवाडं आणायला माळाकडं पळाले. बन्सीधररावांनी बांधावर बसून पिल्लांची फार सुंदर चित्रं काढली आणि अहवालात 'चार पिल्ले, यशस्वी' असं लिहिलं. रक्षकाच्या रकान्यात बाद झालेल्या माणसाचं नाव कसं लिहायचं, आणि रकाना रिकामाही ठेवायचा नाही, म्हणून तिथं त्यांनी 'बाभूळ' लिहून सही केली.

सितारामराव मात्र बांधावरून थेट ओढ्याकाठी निघाले. हार गळ्यात तसाच होता. भिवराबाई बांधावर आलीच नव्हती. अंगणात बसून पत्र्याच्या भोकांना डांबर लावत होती.

"भिवराबाई, मला माफ करा. पूर नाही. अंडी मीच वर नेली होती. माझ्या पायी तुमचं घर उघडं पडलं."

"ठावं हाय की," भिवराबाई मान वर न करता म्हणाली. "रोज तांबडं फुटायला शेरडं घिऊन मी तळ्याकडंच असते. चारी दिस बगितलं तुमाला. पैल्या दिशी तर तुमचा पायजमा बाभळीला आडकला हुता. मी म्हनलं, मास्तरांना हाक मारावी का. मग म्हनलं, नगं, लाजतील."

सितारामरावांनी नकळत पायजम्याकडं बघितलं. "मग... मग कुणाला सांगितलं का नाही? आणि पत्रे कशाला काढले?"

"गळायलेत. पाच वर्सं झाली. गल्लीत एकेकाच्या हातापाया पडले, बाबांनो, तेवढे खाली काढून द्या, डांबर मी लावते. कुनाला सवड हाय? आन् पूर यायलाय म्हनल्याबरूबर चार गडी दारात हुबे. म्हनले, आदी बाईमानसाचं काढू. आर्ध्या घंट्यात आठ पत्रे खाली. खिळे तेवढे माझ्याकडं ऱ्हायले." तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. "आता त्येच गडी आपापली कवाडं वडायला गेलेत. हे चडवायचे कुनी?"

पश्चिमेकडं ढग दिसत होते. सितारामरावांनी त्या ढगांकडं बघितलं, आठ पत्र्यांकडं बघितलं, मग गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला. हाराला एक शेळी लगेच लागली. ते भिंतीवर चढले. भिवराबाईनं खालून पहिला पत्रा सरकवला, त्यांनी तो ओढून घेतला आणि हातोडी मागितली.

हातोडी वर देताना भिवराबाई म्हणाली, "आनखी एकच दिस ठिवायची हुती वो मास्तर ती अंडी वर. गडी म्हनले हुते, उद्यापतूर पूर न्हाई आला तर आदी बाईमानसाचेच चडवून दिऊ म्हनून."